वरची कवळी जोडून आणली तरी पुन्हा मधोमधच मोडते: कारण कुठे शोधायचं, दुरुस्ती कशी करायची

तक्रार ठरलेली असते. वरची पूर्ण कवळी पुढच्या दोन मोठ्या दातांच्या मधून टाळूवर सरळ मागे जाणाऱ्या रेषेत मोडते. जोडून आणली की काही महिने बरी चालते, मग पुन्हा तिथेच किंवा जोडाच्या अगदी कडेनं तडकते. दोष जोडणाऱ्यावर जातो, नाहीतर ‘मटेरियल हलकं होतं’ असं म्हणून विषय संपतो. कधीकधी ते खरंही असतं. पण हातातून न पडता, तोंडात असताना मोडलेली कवळी बहुतेक वेळा जबड्यावर नीट बसत नसते. ते बसणं न सुधारता नुसती भेग बुजवली, तर पुढच्या वेळी ती मोडायला थोडा जास्त वेळ लागेल, एवढंच.

मोडल्याबरोबर

आधी सगळे तुकडे गोळा करा आणि जुळवून पाहा. एखादा तुकडा किंवा दात कमी असेल आणि खोकला थांबत नसेल, गिळताना टोचत असेल, लाळ गळत असेल किंवा श्वासाला घरघर येत असेल, तर थेट रुग्णालय गाठा. तिथे ‘कवळीचा तुकडा सापडत नाही’ हे स्पष्ट सांगा, कारण अ‍ॅक्रिलिक (कवळीचं प्लास्टिक) एक्स-रेमध्ये सहसा दिसतच नाही. फोटो स्वच्छ आला म्हणजे आत काही नाही, असं धरून चालता येत नाही. पक्षाघात झालेल्या किंवा विस्मरणाचा आजार असलेल्या माणसाला आपल्याला काय होतंय ते सांगता येत नाही. त्यांच्या बाबतीत तुकडे मोजण्याचं काम घरच्यांनीच करायचं.

तुकडे साध्या पाण्यानं धुवा आणि ओल्या कापडात गुंडाळून डबीत ठेवा. मोडलेल्या कडा घासू नका, कानशीनं साफही करू नका. त्या कडा एकमेकींत तंतोतंत बसतात, आणि दुरुस्तीचा सगळा अचूकपणा त्यावरच अवलंबून असतो.

सुपरग्लू लावू नका. सायनोअ‍ॅक्रिलेट काही सेकंदांत पकडतं. तेवढ्यात कडा केसभर जरी सरकल्या तरी टाळूच्या रुंदीवर तो फरक वाढत जातो आणि दाढांकडची बाजू उचललेली राहते. गोंदाचा काचेसारखा कडक थर लाळेत फार टिकत नाही. शिवाय तो थर राहिला तर नवं अ‍ॅक्रिलिक जुन्याला धरत नाही. मग तंत्रज्ञाला तो घासून काढावा लागतो आणि त्याबरोबर मूळ कडाही जातात. जी कवळी तासाभरात जुळली असती तिचं नव्यानं माप घ्यावं लागतं. मोडकी किंवा घरी चिकटवलेली कवळी घालून जेवणं आणि झोपणं तर पूर्ण टाळायचं.

मोडलेली कड काय सांगते

हे पाहायला दोन मिनिटं लागतात आणि निम्मं निदान इथेच होतं, तरीही बहुतेक ठिकाणी ते वगळलं जातं.

पडून फुटलेल्या कवळीचे तुकडे वेडेवाकडे असतात, कडा सगळीकडे सारख्या ताज्या आणि चकचकीत दिसतात, आणि पडल्याचं कुणालातरी आठवत असतं. थकून मोडलेल्या कवळीत रेषा एकच आणि मध्यावर असते. कडेचा पुढचा भाग, म्हणजे दातांच्या मागचा किंवा ओठाकडच्या खाचेजवळचा, डागाळलेला असतो आणि मागचा भाग स्वच्छ. याचा अर्थ भेग आधीपासून होती आणि ती हळूहळू मागे सरकत होती. शेवटच्या घासाला फक्त उरलेला भाग तुटला. तार एकाच जागी पुढे-मागे वाकवत राहिलं की ती शेवटी हलक्या हातानंही तुटते, तसलाच हा प्रकार आहे.

आधी दुरुस्ती झाली असेल तर ती नेमकी कुठून गेली ते पाहा. नवं आणि जुनं अ‍ॅक्रिलिक जिथे भेटतं त्याच रेषेवर कवळी स्वच्छ सुटली असेल, तर दोष जोडणीचा: कडेवर मेण, प्लास्टर किंवा लाळ राहिली, किंवा मोनोमर (पावडरीत मिसळून अ‍ॅक्रिलिक बनवणारा द्रव) नीट लावला नाही. नव्या अ‍ॅक्रिलिकच्या मधून तुटली असेल आणि भिंगातून बारीक छिद्रं दिसत असतील, तर मिश्रण सच्छिद्र झालं होतं. आणि जोड शाबूत राहून बाजूचं जुनं अ‍ॅक्रिलिक मोडलं असेल, तर जोडणाऱ्याला बोल लावू नका. भार चुकीचा पडतोय.

भार चुकीचा का पडतो

दात काढल्यावर हिरडीखालचं हाड झिजत जातं. पहिल्या वर्षी झपाट्यानं, नंतर सावकाश, पण थांबत नाही. वरच्या जबड्यात ही झीज कमानीच्या दोन्ही बाजूंना होते. टाळूचा मधला कणा मात्र जवळजवळ तसाच राहतो. चार-पाच वर्षांत कवळीखाली दोन्ही बाजूंना पोकळी तयार होते आणि मध्ये टाळू टेकलेला राहतो. आता दाढा दाबल्या की दोन्ही बाजू वर दबतात, मधला भाग टेकूवर अडतो आणि कवळी तिथे वाकते. ताण येतो तो जिभेकडच्या, चकचकीत बाजूवर, पुढच्या दातांच्या लगेच मागे. दिवसातून शेकडो वेळा.

हे तपासायला तर्जनी आणि अंगठा दोन्हीकडच्या मधल्या दातांवर, म्हणजे सुळ्यामागच्या दाढांवर ठेवून आळीपाळीनं दाबा. कवळी डुलली तर टेकू मध्ये आहे. खात्रीसाठी दाबदर्शक पेस्टचा पातळ थर ब्रशनं कवळीच्या आतल्या बाजूला लावा, ब्रशच्या रेघा दिसल्या पाहिजेत. कवळी बसवून दाबा आणि काढा. मध्यभागी पेस्ट पुसली जाऊन गुलाबी पट्टा उघडा पडला आणि कडेला रेघा जशाच्या तशा राहिल्या, की निदान पक्कं. काहींच्या टाळूच्या मध्यावर हाडाचा उंचवटा असतो. त्यांच्याकडे हा त्रास लवकर सुरू होतो.

दुसरं कारण खाली नैसर्गिक दात आणि वर पूर्ण कवळी. खाली फक्त पुढचे दात उरले असतील तर ते वरच्या कवळीला पुढूनच धक्के देत राहतात. कालांतरानं वरच्या पुढच्या हाडाची जागा मऊ, हलणारं मांस घेतं आणि कवळी आणखी डुलते. जिथे कवळी तीन-तीनदा मोडते तिथे हे चित्र इतक्या वेळा दिसतं की आधी खालचे दातच पाहावेत. आर्टिक्युलेटिंग पेपर (चावल्यावर रंगाची खूण सोडणारा कागद) चावायला दिला तर खुणा दोन्हीकडच्या दाढांवर सारख्या उमटायला हव्यात आणि तोंड मिटताना पुढचे दात मोकळे राहायला हवेत. अ‍ॅक्रिलिकच्या दाढा झिजून सपाट झाल्या असतील तर भार आपोआप पुढे सरकतो.

तिसरं, ओठाला जोडणाऱ्या पडद्यासाठी ठेवलेली खाच. ती खोल आणि टोकदार असेल तर भेग तिथूनच सुरू होते. पुढच्या दोन दातांत मुद्दाम फट ठेवली असेल तर भेगेचं काम आणखी सोपं. खाच बाहेरून गोलसर करून चांगली चकाकवली की बराच धोका कमी होतो.

उरतो कवळीच्या टाळूवरच्या भागाचा, म्हणजे पत्र्याचा, पातळपणा. कॅलिपरनं मोजा. दोन मिलिमीटरच्या खाली गेलेला पत्रा, त्यातून आधीची दुरुस्ती घासलेली, हे टिकणार नाही.

दुरुस्तीआधी कवळी कशाची आहे ते ठरवा

बहुतेक कवळ्या उष्णतेनं पक्क्या केलेल्या पॉलिमिथाइल मेथाक्रिलेटच्या, म्हणजे नेहमीच्या अ‍ॅक्रिलिकच्या असतात. खालची पद्धत त्यांचीच. वाकवली तर लवणारी नायलॉनची कवळी अ‍ॅक्रिलिकनं जोडता येत नाही. मोनोमर तिला विरघळवतच नाही, त्यामुळे वर चढवलेला थर पापुद्र्यासारखा निघतो. थ्री-डी प्रिंट केलेल्या कवळीचं रेझिन वेगळं असतं आणि त्यावर साधं दुरुस्तीचं अ‍ॅक्रिलिक कमी पकडतं. तिथे ते रेझिन बनवणाऱ्या कंपनीची पद्धतच पाळायची, किंवा मूळ फाइलवरून सरळ नवी छापायची.

जोडणी

हे काम प्रयोगशाळेतलं आहे, घरातलं नाही. पण घरच्यांनाही पायऱ्या माहीत असल्या की ‘अर्ध्या तासात देतो’ म्हणणाऱ्याला काय विचारायचं ते कळतं.

१. कडा स्वच्छ आणि कोरड्या करून तुकडे जुळवा. बाहेरच्या, म्हणजे चकचकीत बाजूनं स्टिकी वॅक्सनं (चिकट मेणानं) पकडा आणि दाढांपासून दाढांपर्यंत आडव्या दोन-तीन काड्या किंवा जुने बर (घासायच्या यंत्राची टोकं) मेणानं चिकटवा. आतल्या बाजूला मेणाचा थेंबही जाऊ देऊ नका. जोड नखाला लागत असेल तर उखडून पुन्हा जुळवा.

२. आतले खोलगट, अडकणारे भाग ओल्या कागदानं किंवा मेणानं बुजवून प्लास्टरचा साचा ओता. तो पूर्ण घट्ट झाल्यावरच कवळी काढा आणि साच्यावर अल्जिनेटचं सेपरेटिंग मीडियम (साच्याला चिकटू न देणारा लेप) लावा. ते कवळीच्या कडेला लागलं तर तिथली जोडणी फुकट.

३. भेगेच्या दोन्ही कडा घासून २ ते ३ मिलिमीटरची मोकळी फट करा. कडा सरळ उभ्या ठेवू नका, ४५ अंशांच्या उतारानं बाहेरच्या बाजूला उघड्या आणि गोलसर करा, म्हणजे पकडीचं क्षेत्र वाढतं. फट याहून रुंद करण्यात अर्थ नाही. जितकं नवं अ‍ॅक्रिलिक जास्त, तितकं आकुंचन जास्त.

४. कडांना मोनोमर लावा आणि ३ मिनिटं सतत ओल्या ठेवा. एकदा बोळा फिरवून पुढे जाणं हीच सर्वात मोठी चूक आहे. मोनोमर जुन्या अ‍ॅक्रिलिकचा पृष्ठभाग फुगवतो आणि नव्या साखळ्या त्यात शिरतात. त्याला वेळ लागतो.

५. सेल्फ-क्युअर (न तापवता आपोआप घट्ट होणारी) पावडर आणि मोनोमर थोडं थोडं, आळीपाळीनं टाकत फट भरा. पावडर पूर्ण भिजलेली दिसली पाहिजे, कोरडा पांढरा ठिपका राहिला की तिथे छिद्र. पातळीच्या किंचित वर भरा, कारण ते बसतं आणि घासावंही लागतं.

६. साच्यासकट प्रेशर पॉटमध्ये (दाबाच्या बंद भांड्यात), ४० ते ४५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात, सुमारे २ बार दाबाखाली १५ ते २० मिनिटं ठेवा. उघड्या हवेत टेबलावर घट्ट झालेला जोड सच्छिद्र होतो. पाणी याहून फार गरमही नको: मोनोमर १०० अंशांच्या आसपास उकळतो, आणि घट्ट होताना आतली उष्णता वेगळी वाढतच असते.

७. घासून, प्युमिसनं चकाकवा. पॉलिश करताना कवळी तापू देऊ नका. रात्रभर पाण्यात ठेवून मगच द्या. सेल्फ-क्युअरमध्ये सुटा मोनोमर उष्णतेनं पक्क्या केलेल्या अ‍ॅक्रिलिकपेक्षा बराच जास्त राहतो आणि हिरडीला झोंबतो.

काम करणाऱ्यासाठी एवढंच: मोनोमर लेटेक्सच्या हातमोज्यातून आरपार जातो, बोटांच्या टोकांना इसब करतो आणि पेटही घेतो. खिडकी उघडी आणि ज्योत लांब.

सगळं नीट केलं तरी सेल्फ-क्युअरचा जोड मूळ कवळीइतका मजबूत होत नाही. साधारण ६० ते ६५ टक्के ताकद धरा. म्हणून दुसऱ्यांदा मोडलेल्या कवळीला नुसता जोड देऊ नये, आधार घालावा.

आधार: तार की काचतंतू

गोल, गुळगुळीत तार अ‍ॅक्रिलिकला चिकटत नाही. ती आत नुसती पडून असते आणि कधीकधी तिच्याच कडेनं भेग जाते. घालायचीच असेल तर सँडब्लास्ट केलेली (वाळूच्या फवाऱ्यानं खरखरीत केलेली), मेटल प्रायमर (धातूला पकड देणारा लेप) लावलेली. आमची पसंती आधीच रेझिनमध्ये भिजवलेल्या काचतंतूंच्या पट्टीला. कोरडे, न भिजवलेले तंतू नको. त्यांच्यामध्ये हवा अडकते आणि फायद्याऐवजी पोकळी होते.

जागा चुकली तर पट्टी असून नसल्यासारखी. भेग पुढून मागे जाते, म्हणून तंतू तिला आडवे, डावीकडून उजवीकडे जायला हवेत, आणि ताण जिथे पडतो तिथे: पुढच्या दातांच्या मागे, जिभेकडच्या पृष्ठभागाजवळ. टाळूच्या आतल्या बाजूला, हिरडीलगत घातलेली पट्टी फारसं काही करत नाही. दोन्हीकडे निदान सुळ्यापलीकडे जाईल इतकी लांब ठेवा आणि वर अ‍ॅक्रिलिकचा थर राहू द्या. तंतू उघडे पडले तर जीभ सोलते.

जोडल्यावर बसणं सुधारायचं

इथे घाई नको. टाळू लाल असेल, कवळीच्या आकाराचा लालभडक ठसा उमटला असेल, तर सुजलेल्या हिरडीवर माप घेऊन केलेलं रिलाइनिंग (आतून नवा थर देऊन कवळी जबड्याला बसती करणं) सूज उतरली की पुन्हा ढिलं होतं. हा लालपणा बहुतेकदा कॅन्डिडा बुरशीचा असतो. रात्रंदिवस घातलेल्या, नीट न धुतलेल्या कवळीखाली ती वाढते. दुखत नसल्यानं कोणी तक्रार करत नाही. ओठांचे कोपरे चिरत असतील तर तीही तिचीच खूण असू शकते, आणि कवळीची उंची झिजल्याचीही.

कवळी रात्री काढणं, कवळी आणि टाळू दोन्ही रोज घासणं, आणि डॉक्टरांनी दिलेलं बुरशीविरोधी औषध, असा उपचार असतो. औषध फक्त तोंडाला लावून कवळी तशीच ठेवली तर आजार परततो, कारण बुरशी अ‍ॅक्रिलिकच्या बारीक छिद्रांत दबा धरून असते. एक गोष्ट ठळक लक्षात ठेवा: रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्या माणसाला मायकोनॅझोलची जेल सुद्धा चालत नाही. तोंडाला लावलेल्या जेलनंही रक्त धोकादायक पातळ होऊ शकतं. औषधांची यादी दाताच्या डॉक्टरांना दाखवाच.

तोपर्यंत कवळीत मऊ टिश्यू कंडिशनर (हिरडीला आराम देणारं तात्पुरतं अस्तर) घालतात. तो काही दिवसांतच कडक आणि खरखरीत होतो, म्हणून बदलत राहावा लागतो. हिरडी गुलाबी झाली, की मापाच्या आधी एक-दोन दिवस कवळी पूर्ण बाहेर ठेवून मग रिलाइनिंग. दाबदर्शक पेस्टमध्ये मध्यभाग उघडा पडत होता, तिथे अर्धा ते एक मिलिमीटर सूट देतात, पण पत्रा आधीच पातळ असेल तर आतून कोरण्याआधी बाहेरून जाडी वाढवावी लागते. शेवटी चावा पुन्हा तपासायचा. रिलाइनिंगनंतर तो थोडा बदलतोच.

बाजारात मिळणारे घरी करायचे रिलाइन संच टाळा. चुकीच्या जाडीनं कवळी एका बाजूला उंच बसते आणि त्या बाजूचं हाड वेगानं झिजतं. चिकटवणाऱ्या क्रीमचंही तसंच. थोडं लावलं तर हरकत नाही, तोंड कोरडं असलेल्यांना ते उपयोगीच पडतं. पण दर महिन्याला जास्त लागायला लागलं, की क्रीम पोकळी भरतंय आणि कवळी आतून वाकतेय असं समजा. झिंकवालं क्रीम वर्षानुवर्षं भरमसाट वापरल्यानं शरीरातलं तांबं कमी होऊन नसांना इजा झाल्याच्या नोंदी आहेत, म्हणून झिंक नसलेलं घ्या.

रोजच्या सवयी ज्या भेगेला मदत करतात

टूथपेस्ट खरबरीत असते. तिचे ओरखडे म्हणजे भेगेला आयती सुरुवात आणि बुरशीला घर. मऊ ब्रश आणि सौम्य साबण पुरे. धुताना बेसिनमध्ये पाणी भरून ठेवा किंवा टॉवेल अंथरा, आणि कवळी दोन्ही टोकांना धरून मुठीत आवळू नका. उकळतं पाणी अजिबात नको, कवळी वेडीवाकडी होते आणि मग तीच डुलते. रात्री काढून साध्या पाण्यात ठेवा. कोरडी पडली की अ‍ॅक्रिलिकमधलं पाणी जातं आणि आकार किंचित बदलतो. रात्री काढण्याला आणखी एक कारण आहे: जपानमध्ये पंच्याऐंशीच्या पुढच्या लोकांच्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कवळी घालून झोपणाऱ्यांत न्यूमोनियाचा धोका दुपटीहून जास्त आढळला.

ब्लीच वापरायचं तर ०.५ टक्क्याचं, म्हणजे ५ टक्क्यांच्या ब्लीचचा एक भाग आणि पाण्याचे नऊ, आणि १० मिनिटांच्या वर नाही. नंतर वाहत्या पाण्याखाली भरपूर धुवा. कवळीत धातू असेल तर ब्लीच बाद. कवळी साफ करायच्या फेसाळणाऱ्या गोळ्या पाण्यातच टाकायच्या. विस्मरण असलेल्या माणसाच्या हाताला त्या लागता कामा नयेत.

कुठे थांबायचं

तुटलेल्या कडा पूर्वीच्या दुरुस्त्यांमुळे जुळतच नसतील, पत्रा पातळ असेल, दाढा सपाट झाल्या असतील, किंवा आधार घालून आणि रिलाइनिंग करूनही कवळी मोडली असेल, तर चौथा जोड घालू नका. नवी करा. खाली नैसर्गिक दात असतील तर टाळूला कोबाल्ट-क्रोमचा पत्रा मागा, किंवा निदान धक्के सोसणारं, हाय-इम्पॅक्ट अ‍ॅक्रिलिक. धातूचा पत्रा पातळ असूनही वाकत नाही, पण नंतर रिलाइन करायला अवघड जातो. पडदा फार खाली आला असेल तर तो आधी छोट्या शस्त्रक्रियेनं सोडवून घ्यावा, नाहीतर नव्या कवळीतही तीच खोल खाच येणार.

दुरुस्त झालेली असो वा नवी, पहिली तपासणी दोन-तीन दिवसांत, दुसरी दोन आठवड्यांनी. टोचणारी जागा कवळी घासून मोकळी केल्यावर दोन आठवड्यांत भरली नाही, तर तो व्रण कवळीचा आहे असं गृहीत धरू नका. तोंडाच्या आजारांच्या तज्ज्ञाला दाखवून गरज पडल्यास तुकडा तपासणीला पाठवा. पुढे वर्षातून एकदा दोन बोटांची ती डुलण्याची चाचणी करून घ्या. डुलणं सुरू झालं की भेग पडण्याआधीच रिलाइनिंग करता येतं. जुनी, जोडलेली कवळी टाकू नका. नवी दुरुस्तीला गेली की ती कामाला येते, फक्त तीही पाण्यातच ठेवा.